तीन तास तेरा मिनिटे

सातारा, रविवार

चि. अनिकेत यास अनेक आशीर्वाद.

फोनवर आपला वाद अर्धवट राहिला, म्हणून हे लिहितो आहे. ‘कभी अलविदा ना कहना’ लांबट असला तरी धाडसी होता, असे तू म्हणालास. तुझ्या सांगण्यावरून तुझ्या आईने आणि मी तो पुन्हा पाहिला. एका बैठकीत जमला नाही, दोन रात्री लागल्या. 2006 साली आपण तिघांनी तो साताऱ्यातच थिएटरात पाहिला होता, हे तुला आठवत नसेल. करण जोहरचा चित्रपट म्हणजे सहकुटुंब पाहण्याचा, अशा समजुतीने गेलो होतो. मध्यंतरानंतर तू माझ्या मांडीवर झोपी गेलास, तेव्हा तुझ्या आईने सोडलेला सुस्कारा मला अजून ऐकू येतो.

तुझे म्हणणे मला अर्धे पटते. न्यूयॉर्कमधल्या या दोन संसारांत मारहाण करणारा किंवा दारू पिऊन येणारा कोणी नाही. ऋषी बायको मायावर मनापासून प्रेम करतो, देवची बायको रिया घर आणि नोकरी दोन्ही सांभाळते, आणि तरीही माया व देव आपापल्या घरात सुखी नाहीत. मायाने तर ज्यांनी आपल्याला वाढवले त्यांच्याच मुलाशी लग्न केले आहे, म्हणजे उपकार आणि प्रेम यांची गल्लत पहिल्याच दिवशी झालेली. दोषी कोण हे न ठरवता दुःख दाखवायचे, हे आपल्याकडे सोपे नव्हते. जिल्हा न्यायालयात उभी हयात काढल्यामुळे हे मी जरा अधिकाराने सांगतो. हिंदू विवाह कायदा 1955 चा. त्यात घटस्फोट मागायचा तर समोरच्याचा काही अपराध दाखवावा लागे, म्हणून ज्यांचे एकमेकांशी मुळात जुळलेच नाही, त्यांच्याही अर्जात आरोपांचे परिच्छेद असत. ते वाचताना मला कळे की हे वकिलाचे मराठी आहे, त्या बाईचे नव्हे. परस्पर संमतीचे कलम 13-ब हे 1976 च्या दुरुस्तीने आले आणि भांडण न रंगवता वेगळे होण्याची वाट निघाली, तरी आपल्या भागात ‘नांदत नाही’ या दोन शब्दांवर बाईला दोषी ठरवण्याची सवय त्यानंतरही पुष्कळ वर्षे गेली नाही.

पण धाडस तिथेच संपते. आपापला संसार सावरण्यासाठी एकमेकांना सल्ला द्यायचा, असे ठरवून देव आणि माया भेटू लागतात आणि त्यातच गुंततात, हे मला खरे वाटले, कारण माणूस स्वतःला असेच फसवतो. न पटलेली गोष्ट निराळी. जे पाच मिनिटांत जोडीदाराला सांगायचे, ते सांगायला या मंडळींना मायाच्या सासऱ्याचा मृत्यू लागतो. सांगून झाल्यावर, दोन्ही घरे मोडल्यावरसुद्धा, आमचे जोडीदाराशी पुन्हा जुळले असे ती दोघे एकमेकांना खोटे सांगतात आणि त्या खोट्यावर कथेतली आणखी तीन वर्षे काढतात. चित्रपट 193 मिनिटांचा झाला आहे तो कथा मोठी म्हणून नव्हे, तर कोणी वेळेवर बोलत नाही म्हणून. न्यायालयात मी ज्यांना रडताना पाहिले, त्यांतल्या बहुतेकांची तक्रार ‘त्याचे दुसरीवर मन गेले’ ही नसे. ‘सगळ्यांना ठाऊक होते, मला शेवटी कळले’ ही असे.

शिवाय देवचा तो लहान मुलगा. बाप त्याच्यावर फुटबॉलवरून खेकसत असतो तोवर तो कथेत आहे. घर फुटल्यावर मात्र त्याच्या वाट्याला फार थोडी मिनिटे येतात. गाण्यांना इतका वेळ मिळाला, त्यातला थोडा त्याला द्यायला हवा होता. तारखेच्या दिवशी व्हरांड्यातल्या बाकावर बिस्किटाचा पुडा हातात धरून बसलेली मुले मी पाहिली आहेत. पुकारा झाला की आईकडे पाहावे की बापाकडे, हे त्यांना समजत नसे.

ऋषी झालेल्या अभिषेक बच्चनचे काम मात्र अस्सल आहे. त्याला त्यासाठी सहायक अभिनेत्याचा फिल्मफेअर मिळाला, तो योग्यच. माया सगळे कबूल करते त्या प्रसंगी तो अक्षरशः कोसळतो, आणि तुझी आई, जी तोवर वाटाणे सोलत होती, तिचे हात थांबले. पुढे स्टेशनवरची ताटातूट लांबू लागली तेव्हा मात्र तिने मला विचारले, “अहो, अजून किती आहे?” मी सांगितले, अर्धा तास तरी. ती उठून कुकर लावायला गेली.

दिवाळीला येशील तेव्हा ऋषीचा तो प्रसंग तेवढा तुझ्याबरोबर पुन्हा पाहीन. बाकीचा पुढे ढकलण्याचे बटण कोणते, ते तूच दाखव. परवा माझ्या हातून सारखा पहिल्यापासूनच सुरू होत होता.

तुझा,
बाबा