मंत्रिमहोदय, बेदाण्यालाही आम्ही सावली देतो

मा. रस्ते मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी कवठेमहांकाळ तालुक्यातला द्राक्षबागायतदार. आपला वेळ मोलाचा आहे, याची जाणीव ठेवून लिहायला बसलो होतो. पण गेल्या आठवड्यात महामार्गावर सावलीविना काढलेली दुपार डोळ्यांसमोरून हलत नाही, त्यामुळे पत्र लांबलं तर सांभाळून घ्या.

अक्काला यवतमाळला दिली आहे. तिच्या लेकीचं लग्न मे महिन्यात धरलं. आई बहात्तर वर्षांची, बायको, दोन मुलं आणि मी, पहाटे चारला गाडी काढली. रत्नागिरी-नागपूर महामार्गानं सांगोला, मंगळवेढा, सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड असा सहाशे किलोमीटरच्या घरातला पल्ला. तुळजापूरला आईला देवीची ओटी भरायची होती. रांगेत साडेदहा वाजले आणि पुढचा सगळा मराठवाडा भर उन्हात ओलांडायची पाळी आली.

अहमदपूर मागं टाकलं आणि दोनच्या सुमाराला मागचं टायर फुटलं. टायरला दोष देत नाही. तापलेल्या रस्त्यावर भरलेली गाडी, फुटतं कधी कधी. स्टेपनी होती, जॅक होता. पण गाडी जॅकवर चढवायची तर आतली माणसं खाली उतरवावी लागतात. म्हाताऱ्या आईला बसवायचं कुठं? पुढं बघितलं, मागं बघितलं. नजर पोचेल तिथवर पांढरा रस्ता आणि लोखंडी कठडा. झाड म्हणून नाही. गाडीची सावली पडली होती, ती वीतभर. मे महिन्यात दुपारी दोनला सूर्य अजून बराच वर असतो, गाडीची सावली लांब पडत नाही. त्या वीतभर सावलीत आईनं पाय पोटाशी घेतले. नऊ वर्षांच्या लेकीनं आहेराची चादर सोडली आणि दोन्ही हातांनी आजीच्या डोक्यावर धरून उभी राहिली. तिचे हात थरथरायला लागले की तिची आई धरायची. पाना इतका तापला होता की रुमाल गुंडाळल्याशिवाय हातात घेता येईना. आणि नट निघेना.

मदतीच्या नंबरावर फोन लावला. पलीकडून विचारलं, "किती किलोमीटरला आहात?" दगड दिसत नव्हता. मुलाला पळवलं. तो घामानं भिजून परत आला, आकडा सांगितला, तोवर फोन कट झाला होता. परत लागला नाही.

"बाळा, लई गरगराया लागलंय रं," एवढंच आई म्हणाली आणि मान टाकली.

चाक बसवलं, आईला मागच्या सीटवर आडवी केली, ओला टॉवेल, नाकाला कांदा, जे सुचलं ते केलं. पुढं टोलनाका आला. टोल बरोबर कापला गेला, मेसेजही आला. तिथल्या शौचालयाला कुलूप होतं. पाण्याच्या टाकीचा नळ फिरवला तर आतून नुसती हवा आली. चावी कुणाकडं आहे विचारलं, तर पैसे घेणारा म्हणाला ठेकेदाराकडं, आणि ठेकेदार कुठं असतो ते त्यालाही माहीत नव्हतं. पुढच्या गावातल्या आरोग्य केंद्रात एका नर्सबाईंनी सलाईन लावलं, म्हणून आई आज घरी आहे. त्या बाईंचे उपकार जन्मभर विसरणार नाही.

त्या दिवशी मोबाईलवर ४३ अंश दाखवत होतं. महोदय, हवामान खातं तापमान मोजतं ते पांढऱ्या लाकडी पेटीत, सावलीत. म्हणजे ४३ हा आकडा सावलीतला. आम्ही उन्हात होतो, काँक्रीटवर होतो. पारा मोजायला सावली आहे, माणसाला नाही.

आम्ही बेदाणा करतो. द्राक्षाचे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलमध्ये बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर पसरतो. वर छप्पर, बाजूनं हिरवं शेडनेट. थेट ऊन लागलं की माल काळा पडतो आणि दर जातो. सुकवायच्या द्राक्षालासुद्धा आम्ही सावली देतो. तुम्ही सहाशे किलोमीटरच्या प्रवासात माझ्या आईला ती देऊ शकला नाही.

सरकारनं २०१५ साली हरित महामार्ग धोरण आणलं. प्रकल्पखर्चाचा १ टक्का झाडांसाठी ठेवायचा, असं त्यात ठरलं. हजारो कोटींच्या रस्त्याचा १ टक्का म्हणजे थोडाथोडका पैसा नव्हे. मग आमच्या वाटेवर तो कुठं गेला? दुभाजकात कण्हेर आणि बोगनवेल लावली. समोरच्या गाडीचा उजेड डोळ्यांवर येऊ नये म्हणून ती ठीक आहे, पण तिच्या खाली कोण बसणार? गाडी घेताना रोड टॅक्स भरला, पेट्रोलवर रस्त्याचा उपकर भरतो, वर टोल. जाऊन-येऊन माझ्या हिशोबानं हजाराच्या वर टोल गेला. रोज किती किलोमीटर रस्ता झाला हे तुम्ही भाषणात सांगता. त्यातल्या किती किलोमीटरला सावली आहे, हे आजवर एकाही मंत्र्याच्या तोंडून ऐकलं नाही. पाच जूनला, पर्यावरण दिनी, फोटोसाठी लावलेलं रोप पाडव्यापर्यंत काटकी होतं. लावणारा ठेकेदार वेगळा, पाणी घालणारा वेगळा, बिल काढणारा तिसरा. जाब विचारायचा तर प्रत्येक जण दुसऱ्याकडं बोट दाखवतो. हे एका रस्त्याचं नाही, सगळीकडं हेच चाललंय.

आमच्या शेजारच्या मिरज तालुक्यातला भोसे गावचा वड आठवतो का? चारशे वर्षांचा म्हणायचे. याच रत्नागिरी-नागपूर महामार्गात जात होता. २०२० साली लोक उभे राहिले, तेव्हा सरकारनं रस्ता वळवून झाड राखलं. म्हणजे मनात आणलं तर सरकारला जमतं. २०२२ च्या पावसात तो वड कोसळला. त्याची मनगटाएवढी फांदी मी घरी आणून बांधावर लावली. आज ती माझ्या डोक्याच्या वर गेली आहे.

दोन वर्षांपूर्वी मी आणि गावातल्या पोरांनी महामार्गाच्या कार्यालयात अर्ज दिला. आमच्या हद्दीत महामार्गाच्या कडेला वड, पिंपळ, कडुनिंब आम्ही लावतो, टँकर आमचा, राखण आमची, नियमाप्रमाणं जेवढं अंतर सोडायचं तेवढं सांगा. तिथल्या साहेबांनी तोंडी कबूल केलं, "पुढच्या महिन्यात परवानगी मिळेल." तो महिना अजून उजाडला नाही. त्यानंतर चार हेलपाटे झाले.

शौचालयाचं कुलूप काढा, नळाला पाणी सोडा, किलोमीटरचे दगड दिसतील असे ठेवा. हे तुमच्या लोकांनी करायचं. झाडांचं आम्ही करतो. फक्त त्या अर्जावर लेखी उत्तर द्या, आणि मृगाच्या आत द्या. वडाची फांदी पहिल्या पावसाला लावली तर चांगली धरते.

आपला,
एक बेदाणा उत्पादक शेतकरी
ता. कवठेमहांकाळ, जि. सांगली