मोबाईलच्या खोक्यावर बँड छापा

संपादक साहेब, नमस्कार.

गावात नवीन टॉवर उभा राहिला की पेपरात फोटो येतो पण त्या टॉवरची रेंज गावातले किती मोबाईल पकडू शकतात हे कोणी विचारतच नाही. बँड म्हणजे मोबाईलच्या लहरींचा ठरलेला पट्टा, प्रत्येक पट्ट्याला नंबर असतो आणि टॉवरचा पट्टा फोनमध्ये नसला तर रेंज येत नाही. बीएसएनएलचं फोरजी मुख्यतः 700 आणि 2100 मेगाहर्ट्झवर आहे, म्हणजे बँड 28 आणि बँड 1. त्यातलं 700 हेच खेड्यात खरं कामाचं, कारण फ्रिक्वेन्सी जितकी कमी तितकी रेंज लांब जाते आणि भिंतीतून आतही शिरते, आमच्या कोकणातल्या जाड चिऱ्याच्या घरांना तीच लागते. पण सहा-सात वर्षांपूर्वीच्या कितीतरी स्वस्त फोरजी फोनमध्ये बँड 28 टाकलेलाच नाही, तेव्हा जिओचं फोरजी 3, 5 आणि 40 या बँडवर चालायचं म्हणून तेवढे असले की झालं.

आमच्या शेजारच्या काकू यातच अडकल्यात. सिम फोरजी, फोन फोरजी, टॉवर अंगणातून दिसतो आणि स्क्रीनवर मात्र नुसता ई, म्हणजे जुनं टूजी नेट. तेच सिम मुलाच्या फोनमध्ये घातलं की माजघरात बसून व्हिडिओ कॉल लागतो! दुकानदार म्हणतो नवीन फोन घ्या. अहो पण घेताना त्यांना हे सांगायला नको होतं का?

मुलं अमेरिकेतून फोन पाठवतात त्यांनी तर बघूनच पाठवावा, तिकडे लांब जाणारे बँड 12, 13, 71 आणि इकडे 5, 8, 28. शिवाय बँड जुळला तरी त्या फोनमध्ये इथल्या नेटवर्कचं व्हीओएलटीई, म्हणजे फोरजीवरूनच कॉल लावायची सोय, चालत नसेल तर जिओवर साधा कॉल पण लागत नाही कारण त्यांच्याकडे टूजी-थ्रीजी नाहीच.

खोक्यावर मेगापिक्सेल केवढ्या मोठ्या अक्षरात असतात, बँड मात्र वेबसाइटवर पार खाली जाऊन शोधायचे, तेही इंग्रजीत. माझी मागणी एवढीच आहे की बँडचे आकडे खोक्यावर किंमतीशेजारी छापणं सक्तीचं करा. आणि ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमामुळे कंपन्या आता कव्हरेजचे नकाशे वेबसाइटवर टाकतात त्यातच गावाचा टॉवर कुठल्या बँडवर आहे तेही द्या, म्हणजे दुकानात उभं राहून दोन्ही आकडे जुळवून बघता येतील. तोपर्यंत गावाकडे फोन घेणाऱ्यांनी पैसे देण्याआधी बँड 28 आहे का हे दुकानदाराला स्पेसिफिकेशनचं पान उघडून दाखवायला लावा.

- एक वाचक, संगमेश्वर