हवेची होडी आणि भांगाची भरती

तारकर्ली, ता. मालवण
कार्तिक वद्य द्वितीया

प्रिय मिलिंद,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. हवा भरायची होडी घ्यायची आणि डिकीत टाकून इकडे यायचं, हा बेत मला मनापासून आवडला. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यानं फायबरची होडी ठेवायची कुठे? ही घडी करून माळ्यावर जाते. दोघांची साधी कयाक, म्हणजे वल्ह्यांनी चालवायची लांबट होडी, पंधरा-अठरा किलोची असते, एकट्यानं उचलून पाण्यापर्यंत नेता येते. कल्पना तशी जुनीच. 1840 च्या दशकात पीटर हॅलकेट या ब्रिटिश नौदलातल्या लेफ्टनंटनं अंगावर घालायच्या रबरी झग्याची होडी केली होती. भात्यानं हवा भरायची, हातातल्या काठीला पातं लावून वल्हं करायचं आणि छत्री उघडली की शीड तयार! जॉन रे या शोधप्रवाशानं आर्क्टिकच्या मोहिमेत हॅलकेटची होडी खरोखर वापरली.

ती छत्री मात्र लक्षात ठेव. आपल्या हवेच्या होडीला शीड लावावं लागत नाही, ती स्वतःच शीड असते. तळ सपाट, पाण्याखाली जवळजवळ काहीच नाही आणि फुगलेल्या बाजू वाऱ्यासमोर उभ्या. लाकडी होडी पाणी धरून राहते, ही वाऱ्याबरोबर घसरत जाते. मागच्या बाजूला लावायचं छोटं पातं, म्हणजे फिन, सोबत मिळतं. ते लावलंस तर होडी सरळ चालेल, पण वारा थांबणार नाही.

खारे वारे आणि मतलई वारे आपण शाळेत पाठ केले होते. इथे ते रोज भेटतात. सकाळी वारा जमिनीकडून पाण्याकडे असतो. किनाऱ्यावर तू उभा असतोस तेव्हा मागच्या माडांनी तो अडवलेला असतो, म्हणून जाणवतही नाही. समुद्र शांत दिसतो, माणूस खुशीत आत जातो. शंभर-दीडशे मीटरवर वारा पाठीला लागतो आणि तोवर परतीची वाट वाऱ्याविरुद्ध झालेली असते. मग कितीही वल्हव, किनारा जवळ येत नाही. म्हणून उघड्या समुद्रावर सुरुवात करायची नाही. याबाबतीत मी तुझं काही ऐकणार नाही.

आमच्या शेजारच्या आबांचा जन्म रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायच्या मासेमारीत गेला. ते अजूनही अंगणात आले की आधी माडांच्या शेंड्यांकडे बघतात. झावळ्यांची टोकं कुठे वळलीत, हलतात की नुसती थरथरतात, हे पाहून झालं की मग चहा. मी विचारलं तर एवढंच म्हणाले, “आधी वारो बघूचो, मगे पाण्याक हात लावचो.”

धरणाच्या पाण्यावर सराव करून येईन असं लिहिलंयस. जरूर कर, पण त्या धरणावर होडी घालायला परवानगी आहे का ते आधी विचार. आणि साठलेलं पाणी म्हणजे शांत पाणी, असं धरून चालू नकोस. मे 2024 मध्ये उजनीत वादळी वाऱ्यानं प्रवासी बोट उलटली, सहा माणसं गेली. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर पाण्यात जाऊच नये. पावसाळ्याचं तर बोलायलाच नको.

आता खरेदी. सगळ्यात आधी लाइफ जॅकेट घे, होडी नंतर. त्यावर न्यूटनचा आकडा असतो, म्हणजे ते किती जोरानं तरंगवतं ते. तुला पोहता येतं, तेव्हा 50 न्यूटनचं चालेल, वहिनींना पोहता येत नाही, त्यांना 100 न्यूटनचं हवं. पट्टे आवळून कुणाला तरी खांद्याला धरून वर ओढायला सांग. जॅकेट कानांपर्यंत सरकलं तर माप चुकलं. होडी घेताना हवेचे कप्पे मोज: दोन्ही बाजूंचे वेगळे आणि तळाचा वेगळा, म्हणजे एक फुटला तरी बाकीचे तरंगवतात. एकाच कप्प्याची स्वस्त होडी म्हणजे तलावात खेळायचं खेळणं.

हवा हातपंपानंच भर. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरजवळ तिला नेऊ नकोस. गाडीच्या टायरमध्ये हवेचा दाब तीस पीएसआयच्या वर असतो, होडीच्या बाजूंना दोन-तीन पुरतो. नेमका आकडा व्हॉल्व्हपाशी छापलेला असतो. उन्हात भरलेली होडी गार पाण्यात टाकली की आतली हवा आकसते आणि ती मऊ पडते. तेव्हा भोक पडलं म्हणून घाबरू नकोस, दहा मिनिटांनी पुन्हा थोडी हवा मार. उलट पाण्यातून काढून वाळूत उन्हात ठेवलीस तर हवा फुगून शिवण उसवेल, म्हणून तिथे थोडी सोडायची. खरंच गळत असेल तर साबणाचं पाणी लाव, बुडबुडे जागा दाखवतील. इथे खरी भीती कालवांची, म्हणजे खडकाला चिकटणाऱ्या शिंपल्यांची. खडकांवर, जेटीच्या खांबांवर ती चिकटलेली असतात आणि कडा ब्लेडसारख्या. त्यांच्यापासून वावभर लांबच राहायचं. कांदळवनात चिखलातून वर आलेल्या मुळांवरही होडी ओढायची नाही.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ येते, हे इथे पोरालाही ठाऊक असतं. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, पाण्याला ओढ जबरदस्त, आणि पाणी भरतं भर दुपारी, खारा वारा सुटायच्या वेळी. अष्टमी-नवमीला भांग, म्हणजे उधाणाच्या उलट, सगळ्यात लहान भरती, ओढ कमी, आणि भरती पहाटे-सकाळी, वारा नरम असताना. नवख्या माणसाला पाणी आणि वारा दोन्ही एकाच वेळी सांभाळून घेतात, ते या दोन-तीन दिवसांतच.

म्हणून मार्गशीर्षात शुद्ध नवमीच्या सुमाराला ये. आपण कर्ली खाडीत उतरू. पाणी चढत असतानाच नेरूरपारच्या दिशेनं आत जायचं, पाणी फिरलं की त्याच्यासोबत सावकाश परत. देवबागच्या संगमाकडे, जिथे खाडी समुद्राला मिळते, तिथे जायचं नाही, ओहोटी तिकडेच खेचते. पहिल्या दिवशी लांब जाण्यापेक्षा कमरेएवढ्या पाण्यात मुद्दाम होडीतून पडायचं आणि परत चढायचं. होडीची बाजू धर, पाय मागे मारत अंग आडवं कर, मग पोटावर आत सरक. उभं राहून चढायला गेलास तर होडी अंगावर येते. वहिनींनाही हे जमलं की मगच पुढे.

शिट्टी, फोनसाठी पाणी न शिरणारी पिशवी आणि जास्तीचं वल्हं आण. ठिगळं आणि गोंद माझ्याकडे आहे. रेल्वेनं येत असलास तर कुडाळला उतर, मी न्यायला येतो. होडी घेण्याआधी तिच्या कप्प्यांचे आणि व्हॉल्व्हचे फोटो मला पाठव.

तुझा,
दत्ता