चिऊच्या कानाच्या मशीनबद्दल

प्रिय आई-बाबा,

फोनवर आई तू रडायला लागतेस आणि मग मला पण बोलता येत नाही, म्हणून सगळं लिहूनच पाठवतेय. बाबा, आईला वाचून दाखवा.

चिऊला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं हे आता नक्की झालंय. हॉस्पिटलमध्ये तिच्या कानात बारीक बुचासारखं टोक घालून जी टेस्ट केली ना ती ओएई, त्यात टकटक असा आवाज सोडतात आणि आतला कान चांगला असला तर तो स्वतः एक अगदी मंद आवाज परत पाठवतो, तो मशीन पकडतं. चिऊचा रिझल्ट ‘रेफर’ आला, म्हणजे पास नाही, पुढे तपासा. जन्मल्या जन्मल्या कानात चिकटा किंवा पाणी असलं तरी तसं येतं, बरीच बाळं दुसऱ्यांदा पास होतात, ही नाही झाली. मग झोपेत कपाळाला आणि कानामागे वायरी चिकटवून बेरा केली, त्यात आवाज नसेतून मेंदूकडे कितपत पोचतो ते कळतं.

बाबा, तुम्ही ताट वाजवलंत तेव्हा ती दचकली, बरोबर आहे, तेवढा मोठा आवाज येतो तिला. पण माणसाचं बोलणं ताटाएवढं मोठं नसतं हो, आणि त्यातही स, श, फ तर फारच बारीक, ते तिच्यापर्यंत येतच नाहीत. आणि काही मुलं उशिरा बोलतात हे मला माहितीये, पण ‘बघू वर्षभर’ असं म्हणून थांबायचं नाहीये मला. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्याच्या आत निदान, सहाव्याच्या आत कानाचं मशीन आणि थेरपी, असा १-३-६ चा हिशोब असतो. अमेरिकेत कोलोरॅडोला योशिनागा-इटानो म्हणून संशोधक आहेत, त्यांचा १९९८ चा अभ्यास आहे, सहा महिन्यांच्या आत ज्यांचं कळलं आणि मदत सुरू झाली त्या मुलांची भाषा उशिरा कळलेल्यांपेक्षा खूपच चांगली होती. चिऊला चौथा लागलाय आणि मशीन बसलंय, म्हणजे आपण वेळेत आहोत.

आई, ग्रहणात मी बाहेर गेले म्हणून असं झालं हे काकूंना प्लीज परत बोलू देऊ नकोस. बहुतेक अशा मुलांचे आईवडील नीट ऐकणारेच असतात, दोघांकडून एकेक जीन आलं तरी होतं, घराण्यात कोणी नसलं तरी होतं.

आता तू येशील तेव्हा मालिश कर, पण कानात तेल अजिबात नाही, एक थेंब पण नाही. मशीन अंघोळ आणि झोप सोडून दिवसभर कानातच राहू दे, ती ओढून काढते, आपण परत घालायचं, आणि कोणी घरी आलं किंवा फोटो काढायचा म्हणून टोपीखाली लपवायचं नाही. कान वाढतो तसे कानातले साचे बदलावे लागतात, ते मी बघेन. तू फक्त बोल तिच्याशी. जवळ बसून, तोंड दिसेल असं, टीव्ही बंद करून, भाजी निवडताना काय करतेयस ते सांग, तुझ्या ओव्या म्हण, थेरपीवाल्या मॅडम पण हेच सांगतात की घरात जेवढं कानावर पडेल तेवढं हवं. पुढे मशीन पुरलं नाही तर कॉक्लिअर इम्प्लांटचं, म्हणजे ऑपरेशन करून आतल्या कानात बसवतात त्या यंत्राचं बघू, आणि खुणांची भाषा शिकायची वेळ आली तर आपण सगळेच शिकू, मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

अजून एक, वहिनीची डिलिव्हरी पुढच्या महिन्यात आहे ना. दादाला सांगा, डिस्चार्जच्या आधी ओएई झाली का विचारायचं, तिथे त्या टेस्टचं मशीन नसेल तर जिल्हा रुग्णालयात डीईआयसी म्हणून लहान मुलांच्या लवकर तपासणी-उपचाराचा विभाग असतो, सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपण पण येतं. आणि बाळाला काचेत ठेवावं लागलं किंवा कावीळ जास्त झाली तर नुसत्या ओएईवर थांबू नका, बेरा पण मागा, कारण नसेतला दोष ओएईत सापडत नाही. दादा विसरेल, बाबा तुम्हीच जा सोबत.

तुमची,
माई