खालची खोली तयार आहे

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर विषय काढला की बाबा रेडिओचा आवाज वाढवतात आणि आई "सगळं ठीक आहे गं" म्हणते, म्हणून लिहायला बसले. पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी मी तुम्हाला माझ्याकडे राहायला न्यायला येतेय. विचारत नाहीये, कळवतेय. रागावलात तरी चालेल.

बाबांच्या त्या तापाचं मला तिसऱ्या दिवशी कळलं. आई, तू पॅरासिटामॉल दिलीस, ताप उतरला, आणि तुला वाटलं, पोरीची झोप कशाला मोडा. मी चिडलेली नाही (होते, दोन दिवस). पण गोळीने ताप झाकला जातो, आतला संसर्ग तसाच वाढत राहतो. यापुढे 100.4 दिसला की आधी डॉक्टरांना फोन, मग मला. गोळी ते सांगतील तेव्हाच. रात्रीचे तीन वाजलेले असले तरी.

मानेतल्या कर्करोगाच्या गाठीची केमो संपून चार महिने झाले, आता कसली काळजी, असं बाबा म्हणतील. पण रिटुक्सिमॅब या औषधाने गाठीबरोबर जंतूंशी लढणाऱ्या चांगल्या बी पेशीही नेल्या. त्या शेवटच्या डोसनंतर सहा ते बारा महिन्यांनी हळूहळू परततात. म्हणून तर लशींसाठीही डॉक्टर थांबलेत. आत्ता घेतल्या तर नीट लागू पडणार नाहीत. जिवंत विषाणूची लस तर कुणी कितीही आग्रह केला तरी नाही. आणि कुठे एका बाजूला पुरळ उठून आग व्हायला लागली तर ती नागीण असू शकते. "उष्णता असेल" म्हणून सोडून देऊ नका.

बाबा, दिवा घालवता घालवता तुम्ही विचारलं होतंत, "हा कर्करोग बरा झाला, पण या औषधांनीच दुसरा होणार का?" मी हसण्यावारी नेलं. तेव्हापासून ते टोचतंय. तर नीट सांगते. होऊ शकतो. केमोतल्या सायक्लोफॉस्फामाइडनंतर साधारण पाच ते दहा वर्षांनी, डॉक्सोरुबिसिनच्या जातीच्या औषधांनंतर त्याहून लवकर, एक ते तीन वर्षांत, रक्ताचा कर्करोग झालेले रुग्ण आहेत. पण फार थोडे. आणि ती औषधं घेतली नसती तर मानेतल्या त्या गाठीने आपल्याला हा प्रश्न विचारायला वेळच दिला नसता. प्रतिकारशक्ती कमी झाली म्हणजे नवा कर्करोग दारात उभा आहे, असंही नाही. बी पेशी प्रामुख्याने जंतूंसाठी अँटिबॉडी बनवतात. बिघडलेल्या पेशींवर नजर ठेवायचं काम जास्त करून टी पेशी आणि एनके पेशी या दुसऱ्या पांढऱ्या पेशींचं. ठरल्या तारखांना रक्त तपासायचं, अंगावरचा एखादा तीळ बदलला तर दाखवायचा, बस.

आणि हो, जिन्याखालचं सिगारेटचं पाकीट. मला माहीत आहे, बाबा. आईला सांगितलं नव्हतं, आता या पत्रातून सांगितलं. या सगळ्यात तुमच्या हातात असलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे ती सोडणं.

घर सोडायचं म्हटल्यावर आईच्या पोटात कालवतं, कळतं मला. पण खालची खोली तुमचीच असेल. सकाळचं ऊन थेट पलंगावर येतं. बाथरूम आतच, भिंतीला धरायला दांडी बसवून घेतलीये. आईच्या बाजूला वाचायचा दिवा, तिचं शिलाई मशीन खिडकीशी, आणि त्याला कुणी हात लावणार नाही, मीसुद्धा. पोरांना सर्दी झाली तर ती वरच राहतील. तशी ताकीद दिलीये. कंटाळा आला तर परत जा. पण निदान सहा महिने तरी राहा.

मला गोवर झाला तेव्हा बाबा रात्रभर दाराबाहेर खुर्ची टाकून बसले होते. मी मधेच हाक मारायची, नुसती, आहात का बघायला. "आहे गं मनू." आता ती खुर्ची या दाराबाहेर असेल आणि बसायची पाळी माझी.

म्हणून ती घेऊन या. तिचा हात मोडलाय तो तसाच राहू दे. बाबा, आता घासायला-बिसायला बसू नका, धूळ उडते.

तुमची
मनू