एकाच जागी तीन रात्री

नाशिक,
चैत्र वद्य पंचमी

चि. सानिका,
अनेक आशीर्वाद.

मित्रांबरोबर रात्रीच्या आकाशाचे फोटो काढायला निघालीस, त्या सहलीची तुझी यादी मिळाली. पहिली रात्र भंडारदरा, दुसरी हरिश्चंद्रगड, तिसरी लोणार आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी पुण्यात. बाबांनी ती वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "ही फोटो काढायला चाललीय की टोलनाके मोजायला?" मी हसले, पण मग रात्री झोप लागेना. फोनवर सांगायला गेले की तू "हो आई, हो आई" करतेस आणि शेवटी तुला हवं तेच करतेस. म्हणून लिहून काढते आहे.

हरिश्चंद्रगड आणि लोणार या वेळी खोडून टाक. तिन्ही रात्री भंडारदऱ्याच्या तलावाकाठी, रतनवाडीतच राहा. लोणारचं विवर पावणेदोन किलोमीटरहून जास्त रुंद आहे, ते तुझी वाट बघत थांबेल. त्याला निवांत चार दिवस दे, जाता जाता उरकू नकोस.

रात्रीच्या फोटोचं निम्म्याहून जास्त काम उजेडात होतं. नव्या जागी अंधार पडल्यावर पोचलीस तर समोर काय आहे, पाणी कुठवर आलंय, वस्तीतले दिवे कुठल्या अंगाला आहेत, काहीच कळत नाही. मग माणूस गाडी थांबेल तिथेच ट्रायपॉड लावतो आणि घरी आल्यावर आकाशगंगेच्या मधोमध विजेचा खांब सापडतो. माझ्याकडे असले खांब भरपूर आहेत. तेव्हा पहिल्या दिवशी कॅमेरा बॅगेतच राहिला तरी चालेल. तलावाच्या कडेने फिरा, कुठून काय दिसतं ते बघा. चारनंतर ऊन तिरपं झालं की रतनगडाच्या बाजूला तोंड करून बसा. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांचा, भाकऱ्यांची चळत रचावी तसा. भर दुपारी तो राखाडी आणि सपाट दिसतो. तिरप्या उन्हात मात्र एकेका थराखाली सावलीची रेघ उमटते आणि कडा उभा राहतो. हा खेळ जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांचा. हिरवागार डोंगर सगळ्यांनाच आवडतो, त्यासाठी भाद्रपदात जावं. मला वैशाखातला आवडतो. गवत वाळलेलं असतं, त्यामुळे डोंगराची हाडं दिसतात.

दिवस तू बरोबर निवडलेस, चतुर्दशी, अमावास्या आणि प्रतिपदा. तुझ्या आजीने अमावास्येला कुणाला वेशीबाहेर जाऊ दिलं नसतं, ते सोड. पण चंद्राचं गणित मी तिच्याकडूनच शिकले. शुद्ध अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, वद्य अष्टमीचा त्याच सुमाराला उगवतो, आणि रोज पाऊण-एक तास उशीर. तुझ्या ॲपमध्ये तेच असतं, फक्त रंगीत. एक मात्र लक्षात ठेव, चंद्र काही दर वेळी शत्रू नसतो. चतुर्थी-पंचमीची कोर पश्चिमेला असताना तिच्या उजेडात डोंगर इतका सुंदर उजळतो की टॉर्च मारायची गरज राहत नाही, आणि ती मावळली की आकाश तुझंच. पुढच्या खेपेला तसं करून बघ.

आता आकाश. साडेआठपर्यंत संधिप्रकाश पुरता जातो. साडेनऊच्या सुमारास दक्षिणेला, क्षितिजापासून जेमतेम वीतभर वर, त्रिशंकू दिसेल. चार ताऱ्यांचा छोटा पतंग. डोंगराच्या आड जाणार नाही अशी जागा दिवसाच हेरून ठेव, कारण तो तिथे फार वेळ थांबत नाही. तोवर आग्नेयेला वृश्चिक वर आलेला असेल, लालसर ज्येष्ठा लगेच ओळखू येते. त्याच्या नांगीपाशी, मूळ नक्षत्राच्या बाजूला, आकाशगंगेचा सगळ्यात दाट भाग आहे. तो पहाटे तीनच्या आसपास बरोब्बर दक्षिणेला येतो, एक्केचाळीस-बेचाळीस अंश उंचीवर. हे आपलं भाग्य आहे. लंडनहून हाच भाग जेमतेम नऊ-दहा अंश वर येतो, म्हणजे तुझ्या दादाला तो घरांच्या छपरांतच शोधावा लागणार. रतनवाडीची दक्षिण बाजू त्यातल्या त्यात काळी आहे. उत्तरेला घोटी-इगतपुरीचा उजेड, पश्चिमेला घाटाखालच्या शहरांची पिवळट झाक. ती फ्रेमच्या बाहेर ठेव.

ताऱ्यांचे वर्तुळाकार माग हवे असतील तर उत्तरेला वळ. ध्रुव शोधायला ॲप नको. हात ताठ धर आणि क्षितिजावर मूठ ठेव, एक मूठ साधारण दहा अंशांची. आपला अक्षांश साडेएकोणीस, म्हणून ध्रुव दोन मुठींवर. तू लडाखमधल्या ज्या हानलेची स्वप्नं बघतेस तिथे तीन मुठींच्याही वर असेल. हानले 2022 मध्ये डार्क स्काय रिझर्व्ह, म्हणजे काळोख राखलेला प्रदेश, झालं, पेंचला जानेवारी 2024 मध्ये देशातल्या पहिल्या डार्क स्काय पार्कचा मान मिळाला. जा दोन्हीकडे. पण आधी घराजवळचा अंधार ओळखीचा होऊ दे.

तुझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर छोटा आहे, म्हणून 18 मिमीची लेन्स 27 सारखी वागते. शटरचा ठोकताळा पाचशेचा: पाचशेला सत्तावीसने भाग, अठरा सेकंद येतात. त्याहून जास्त वेळ शटर उघडं ठेवलंस तर तारे तांदळाच्या दाण्यासारखे लांबट होतात, कारण पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते आणि ती तुझ्यासाठी थांबत नाही. मी पंधराच धरते. आयएसओ 3200, अॅपर्चर जेवढं उघडेल तेवढं, फाइल रॉ. फोकस लेन्सवरच्या खुणेवर सोडू नकोस, ती खूण थापा मारते. स्वाती डोक्यावर ठसठशीत असते. ती स्क्रीनवर मोठी करून बारीकात बारीक टिंब होईपर्यंत रिंग हळूहळू फिरव आणि मग रिंगला चिकटपट्टी लाव. हसू नकोस, त्या चिकटपट्टीने माझ्या कितीतरी रात्री वाचवल्यात. टॉर्चला लाल जिलेटीनचा कागद बांध. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एका मित्राने मोबाइल उघडला की सगळं पहिल्यापासून. कॅमेऱ्याचा स्क्रीनही मंद कर, नाहीतर अंधारात फोटो झकास उजळ वाटतो आणि घरी काळाठिक्कर निघतो.

तुला हे सगळं लगेच स्क्रीनवर दिसतं, म्हणून एक जुनी गोष्ट सांगते. 1997 च्या एप्रिलमध्ये हेल-बॉप धूमकेतू संध्याकाळी वायव्येला नुसत्या डोळ्यांनी दिसायचा. मी आणि बाबा स्कूटरवरून त्र्यंबक रस्त्याने अंजनेरीच्या पायथ्याशी गेलो. कॅमेरा ऑफिसातल्या एका मैत्रिणीकडून मागून आणलेला, चारशेचा रोल, छत्तीस फोटो. बाबा घड्याळात बघून सेकंद मोजत होते, मी केबल दाबून धरली होती. तीन संध्याकाळी गेलो. रोल धुवायला टाकला. दुकानदाराला काळ्या पट्टीत एक फोटो कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो तेच दिसलं नाही. त्याने अंदाजाने कात्री चालवली. धूमकेतूचं डोकं एका तुकड्यात, शेपूट दुसऱ्यात! रोलचा पहिला फोटो दिवसाउजेडी काढायचा, म्हणजे कापणाऱ्याला माप मिळतं, हे मला नंतर कुणीतरी सांगितलं. धूमकेतू परत यायला दोनेक हजार वर्षं तरी लागतील. तो तुकडा अजून कपाटात आहे, तू लहानपणी त्याला "शेपटीवाला" म्हणायचीस.

ते सगळं आत्ता सांगायचं कारण, पहिली रात्र वाया गेली तर दुसरी हाताशी असावी. वैशाखात वळीव कधीही येतो. दुपारी घाटावर ढग चढतात, कधी रात्री नुसतीच धुरकट हवा असते. तीन जागी एकेक रात्र घेतलीस तर तिन्हीकडे ढग भेटतील. एके जागी तीन रात्री असल्या तर एक तरी उघडते. वीज कडाडू लागली की मोकळ्या सड्यावरून खाली या. आणि जवळच्या त्या अरुंद सांदण दरीत संध्याकाळनंतर उतरायचं नाही, वळवाचं पाणी तिथे सांगून येत नाही.

काजव्यांचं विचारलं होतंस. ते मेच्या अखेरीला, पावसाच्या तोंडावर. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर. तुझ्या तारखांना एखाद-दुसरा चमकला तर नशीब. झाड दिव्यांनी लगडलेलं दिसतं ते फोटो म्हणजे कितीतरी फोटो एकावर एक चढवलेले असतात. मला ते पटत नाही, तसं झाड डोळ्यांना कधीच दिसत नाही. (ताऱ्यांचे मागही मी असेच चढवते, हे मान्य. माझं हे मत काही फार ताठ नाही.) पण टॉर्च नि फ्लॅश मारत झाडाभोवती गर्दी करायची नाही, एवढं मात्र ताठ आहे. त्या बिचाऱ्यांचं लग्न ठरवणं त्या उजेडावरच चाललेलं असतं.

रतनवाडीत एकदा मला अमृतेश्वराच्या देवळामागून आकाश हवं होतं आणि शेजारच्या अंगणात ट्यूब जळत होती. तासभर कुढत बसले. शेवटी जाऊन त्या मावशींना विचारलं, दहा मिनिटं बंद कराल का? त्यांनी लगेच केली. वर स्वतः येऊन मागे उभ्या राहिल्या आणि स्क्रीनवर बघून म्हणाल्या, "एवढं सगळं आमच्या डोक्यावर हाय व्हय?" मग म्हणाल्या, आता असू दे बंदच, सकाळी लावते. तेव्हा कुढू नकोस, विचार. ज्यांच्या घरी उतराल त्यांना आधीच सांगून ठेवा की रात्री आम्ही बाहेर दिसलो तर घाबरू नका. अभयारण्याचा भाग आहे, ड्रोन घरीच ठेव. पायात बूट हवेतच, कातळावर फुरसं असतं. चालताना टॉर्च खाली आणि पूर्ण उजेडाची, लाल कागद तेवढ्यापुरता काढ.

आणि गाडी. पहाटे चारला काम संपलं की "आता निघूयाच, सकाळी पुण्यात" असं कुणीतरी म्हणणारच. तो जो कुणी असेल त्याच्याकडची किल्ली काढून घे. तुम्ही रात्रभर जागलेले, रस्त्यावर बैलगाड्या, बिनदिव्याच्या मोटरसायकली. झोपा, दहाला पोहे खा, मग निघा. पुण्याहून तिकडे जाताना संगमनेरवरून अकोले लागेल, तिथे प्रवरेच्या काठी अगस्तींचं देऊळ आहे. पाच मिनिटं थांब.

अगस्तीचा तारा मात्र तुला या वेळी दिसणार नाही. मेमध्ये तो अंधार पडेपर्यंत मावळतो. माघात रात्री दहाच्या सुमारास तो दक्षिणेला सतरा-अठरा अंशांवर येतो, म्हणजे दोन मुठींना जरासा कमी. त्याच जागेवरून, रतनवाडीच्या दक्षिणेच्या कात्राबाईच्या डोंगररांगेवर. जागा तुझ्या ओळखीची झालेली असेलच. त्या वेळी मागच्या सीटवर माझ्यासाठी जागा ठेव. थर्मास आणि चिकटपट्टी मी आणीन.

तुझी,
आई

ता. क. बाबा विचारतायत, जादा चाकात हवा बघितलीस का?