मदतनिसाच्या हाती नुसते खुणेचे कोन नकोत

संपादक महोदय,

गोव्यात फुटबॉल प्रशिक्षक निवडताना 'हा कुठल्या क्लबातून खेळायचा?' हे आधी पाहिले जाते. या कसोटीवर नॉर्वेचे शेटिल क्नुट्सेन बहुधा नापास झाले असते. खेळाडू म्हणून त्यांचा गाजावाजा नव्हता. बर्गन परिसरातल्या लहान क्लबांत वर्षानुवर्षे शिकवून ते 2017 मध्ये बोडो-ग्लिम्ट या नॉर्वेतल्याच क्लबचे साहाय्यक प्रशिक्षक झाले आणि 2018 मध्ये मुख्य प्रशिक्षक. तेव्हा वय 49. क्लबला इतिहासातले पहिले लीग विजेतेपद 2020 मध्ये मिळाले, तेही 30 सामन्यांत 103 गोल करून.

युरोपात प्रशिक्षकांच्या परवान्यांची शिडी ठरलेली आहे. खालच्या पायरीपासून वर, प्रशिक्षणाचे किमान तास असे: सी 60, बी 120, ए 180, प्रो 360. वर चढण्याआधी मधल्या काळात प्रत्यक्ष संघ सांभाळावा लागतो. परवाना तीन वर्षांचा, नूतनीकरणाला आणखी 15 तास. आपल्याकडेही डी ते प्रो अशी शिडी आहेच. अडते ते दोन पायऱ्यांच्या मध्ये. कोर्स करून आलेल्या पोराला शिकवायला संघच नसतो. शाळेत स्पर्धा जवळ आली की दोन महिने सराव, मग शुकशुकाट.

नॉर्वेत सहा-सात वर्षांची मुले तिघांविरुद्ध तिघे खेळतात. मैदान 15 बाय 10 मीटर, कडेला फळ्या, गोलरक्षक नाही. चेंडू बाहेर जात नाही, त्यामुळे खेळ थांबत नाही. याचा प्रशिक्षक घडण्याशी काय संबंध, असे वाटेल. 24 मुलांना असे चार चौकोन लागतात आणि चार चौकोनांना चार माणसे. प्रशिक्षकाच्या सतरा-अठरा वर्षांच्या मदतनिसाला स्वतःची सहा मुले मिळतात. कुणाला कुणासमोर उभे करायचे, खेळ एकतर्फी झाला तर काय बदलायचे, हे त्याचे त्यालाच ठरवावे लागते. आपल्याकडे तीच 24 मुले एका गोलसमोर रांगेत. एका फटक्याला दहा सेकंद धरले तरी पुढची पाळी चार मिनिटांनी. मदतनीस खुणेचे प्लास्टिकचे कोन मांडतो, चेंडू आणून देतो. त्यातून तो काय शिकणार?

शिवाय नॉर्वेत मुले अकरा वर्षांची होईपर्यंत गुणतक्ता नसतो. आपल्या दहा वर्षांखालील स्पर्धांत चषक असतो, म्हणून थोराड मुलेच खेळवली जातात आणि नवा प्रशिक्षक पहिल्याच वर्षी हीच सवय उचलतो.

वाड्यावस्त्यांवरच्या क्लबांनी प्रत्येक मदतनिसाला पूर्ण हंगाम एकच गट द्यावा आणि परवान्याची प्रात्यक्षिक परीक्षा त्याच मैदानावर, त्याच मुलांसह घ्यावी. पावसाचे निमित्तही फार टिकत नाही. बॅडमिंटन कोर्ट 13.4 बाय 6.1 मीटरचे असते; भोवतीची मोकळी जागा धरली तर शाळेच्या सभागृहात एक चौकोन सहसा बसतो. चेंडू तेवढा तीन नंबरचा, म्हणजे लहान आकाराचा, कमी हवेचा घ्यावा, नाहीतर खिडक्यांच्या काचा जातील.

– एक फुटबॉल प्रशिक्षक, म्हापसा